कामांच्या यादीत नसलेले यंत्र

मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे
यांस,

2 ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात कोणती कामे धरायची, याची यादी तिथे वाचली जाईल. स्मशानभूमीवरची शेड, पाण्याच्या टाकीची शिडी, पाड्यावर जाणारी नळाची लाइन, शाळेचे फाटक, सभामंडपाचे पत्रे. पेसाच्या अबंध निधीतून काय घ्यायचे आणि वित्त आयोगाच्या पैशातून काय, यावर थोडी वादावादी होईल आणि ती व्हायलाच हवी. या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक कामावर एखाद-दोन दिवस एक यंत्र येऊन जाते. कधी छोट्या टेम्पोतून उतरते, कधी दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसून ट्रॅक्टरमागे येते. इंजिनवर चालणारा वेल्डिंग सेट. अंदाजपत्रकात त्याचे नाव नसते, मोजमाप पुस्तिकेत त्याची नोंद नसते. दरसूचीत लोखंडी कामाचा दर वजनावर असतो. कापणे, जोडणे, उचलणे, बसवणे सगळे त्या एका दरात गुंडाळलेले. त्यामुळे सेट कोणाचा, तो चालवतो कोण, आणि त्या माणसाला तो चालवता येतो का, हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या कागदावर कधी उमटतच नाहीत.

ते उमटावेत एवढ्यासाठी हे पत्र. उघड लिहितो आहे, कारण शेजारच्या ग्रामपंचायतींनीही वाचावे अशी इच्छा आहे. यात कोणावर आरोप नाही, तेव्हा झाकण्यासारखेही काही नाही. वेल्डिंग शिकवण्यात माझी नोकरी गेली, एवढीच या विषयात बोलण्याची माझी पात्रता.

इंजिनवरचा सेट आपल्याकडे हौसेने येत नाही. पाड्यावर सिंगल फेज वीज, तीही संध्याकाळी मंदावलेली. साधे वेल्डिंग मशिन तारेवर लावले तर अर्ध्या पाड्याचे दिवे मिचमिचतात आणि रॉड नुसता चिकटत राहतो. जिथे खांबच पोचलेला नाही तिथे तर प्रश्नच मिटला. म्हणून इंजिन, जनरेटर आणि वेल्डिंगचा करंट एकाच चौकटीत बसवलेले हे यंत्र. मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या, रेल्वे, मुंबई-नाशिक महामार्ग आणि अलीकडचा समृद्धी, या सगळ्यांच्या कामांवर असे सेट आपल्या तालुक्यात वर्षानुवर्षे चालले. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. मोठी कामे संपली की जुने सेट भाड्याच्या बाजारात येतात आणि तिथे हेल्परकी केलेली पोरे गावात फॅब्रिकेशनचे दुकान टाकतात. यात वाईट काहीच नाही, उलट गावात हुन्नर आला. पण मोठ्या साइटवर ठिणगीचे काम सुरू करण्याआधी परवान्याचा एक कागद भरावा लागतो, सुरक्षा अधिकारी येऊन बघून जातो, बादल्या घेऊन एक माणूस शेजारी उभा असतो. यंत्र आणि माणूस गावात आले. तो कागद, तो अधिकारी आणि तो बादलीवाला मात्र तिकडेच राहिले.

मोठ्या साइटवर सगळे आलबेल असते असेही माझे म्हणणे नाही. सरळांब्याला 31 जुलै 2023 च्या रात्री समृद्धीच्या पुलावरचा गर्डर लाँचर कोसळला आणि 20 माणसे गेली, ते आपल्याच तालुक्यात. त्याचा वेल्डिंगशी संबंध नव्हता. पण एवढ्या कागदपत्रांच्या साइटवर असे घडू शकते, तर जिथे कागदच नाही तिथे आपण कशाच्या भरवशावर आहोत?

आता यंत्राकडे येतो. अडचण अशी की या एका चौकटीत तीन यंत्रे आहेत आणि आपल्याकडे ती कधीच एका माणसाच्या ताब्यात नसतात. करंट आणि रॉड वेल्डरचा. इंजिन भाड्याने देणाऱ्याच्या पोराचे, तो ते चालू करून देतो आणि मोबाइल घेऊन झाडाखाली बसतो. आणि चौकटीच्या पुढच्या बाजूला 230 व्होल्टचे जे दोन सॉकेट असतात, ते कोणाचेच नसतात. त्यात ग्राइंडर लागतो, हॅलोजन लागतो, कोणाचा तरी चार्जर लागतो. वेल्डरला विचाराल तर तो जोडाबद्दल तासभर बोलेल. त्या सॉकेटवर गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर आहे का, म्हणून विचाराल तर तो त्या पोराकडे बघेल, आणि पोर तुमच्याकडे.

सुरुवात इंजिनापासूनच करतो. जुने एकसिलिंडर डिझेल इंजिन हँडल मारून चालू करतात. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळवलेल्या अंगठ्याचे आणि मनगटाचे हाड जाते. एवढी गोष्ट दहा सेकंदांत दाखवता येते आणि ती कोणी दाखवत नाही. बेल्टवरची जाळी काढून ठेवलेली असते, कारण बेल्ट सारखा उतरतो. ज्याच्या गळ्यात उपरणे किंवा कानातल्या हेडफोनची वायर लोंबते आहे त्याने त्या बाजूला फिरकू नये. ट्रॉली उतारावर उभी असेल तर चाकांना दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावावेत. आपल्याकडे सपाट जागा कमी, आणि थरथरणारे इंजिन दगडावरून सरकते.

इंधन भरायची पद्धत तर बघवत नाही. काम थांबू नये म्हणून इंजिन चालू ठेवूनच बाटलीने पेट्रोल ओततात, दोन हातांवर दुसरा माणूस टाके मारत असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत ठिणगीपर्यंत पोचते. इंजिन बंद करून, सायलेन्सर निवल्यावर, कॅन जमिनीवर टेकवून, नरसाळ्याने भरायचे आणि टाकी काठोकाठ भरायची नाही; ऊन लागले की तेल फुगते. डिझेलच्या सेटला हीच रीत. डिझेल सहज पेट घेत नाही हे खरे, पण तापलेल्या सायलेन्सरवर सांडले तर तेही ऐकत नाही.

धुराची गोष्ट सावकाश सांगायला हवी, कारण यात माणूस ओरडतही नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी अंगाला प्राणवायू मिळत नाही. पेट्रोलचे इंजिन तो जास्त सोडते, डिझेलचे कमी, पण बंद जागेत कमीही पुरतो. पाऊस आला म्हणून सेट शेडच्या आत ओढायचा, शटर अर्धे खाली घ्यायचे आणि काम चालू ठेवायचे, हे मी पाहिलेले आहे. त्याहून भीती विहिरींची वाटते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे विहिरी खोल करायची कामे निघतात. तळाशी पंपाचे ब्रॅकेट, लोखंडी शिडी, पाइपचे जोड असे काही ना काही वेल्डिंगचे असतेच. केबल लांब नाही म्हणून सेट विहिरीच्या काठाला अगदी चिकटून ठेवतात आणि धुराडे नेमके विहिरीच्या तोंडाकडे येते. छोटा पेट्रोल सेट तर दोराने खाली सोडायचीही कल्पना लोक लढवतात. आत उतरलेल्या माणसाचे डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. मे महिना असतो, वरची माणसे म्हणतात, ऊन लागले. तो बसून राहतो. मग त्याला काढायला दुसरा घाईने उतरतो, आणि अशा प्रसंगात दुसराही जातो.

म्हणून विहीर, टाकी, खड्डा, बंद खोली यांत सेट कधीच न्यायचा नाही. सेट वर, मोकळ्यावर, वारा पाहून, धुराडे पलीकडे तोंड करून. खाली जाईल ती फक्त केबल. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर, दोराचे टोक वर एका माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला दुसरे कुठलेही काम नाही. आतला माणूस बोलेनासा झाला तर इंजिन बंद करायचे, दोर ओढायचा, 108 ला फोन करायचा. आत उडी घ्यायची नाही. हे शेवटचे वाक्य पाळायला सगळ्यात अवघड, कारण आत भाऊच असतो.

विजेचे बघू. रॉड टेकलेला नसतो तेव्हा होल्डर आणि काम यांच्यातला दाब साधारण 60 ते 100 व्होल्ट असतो. घरातल्या 230 पुढे हा आकडा लहान, त्यामुळे वेल्डर त्याला जुमानत नाही. कोरड्या हाताने, कोरड्या बुटांत खपूनही जाते. पण घामाने भिजलेला सदरा, ओले मोजे आणि लोखंडी कैचीवर टेकलेली मांडी, असा माणूस रॉड बदलतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला मी काय सांगणार? जूनमध्ये अर्धवट राहिलेली शेड पुरी करायची म्हणून ताडपत्रीखाली टाके मारणारी माणसे दरवर्षी दिसतात. झटका तसा किरकोळही असतो. पण तो पंधरा फुटांवर बसतो, आणि जीव झटक्याने नाही तर खाली पडण्याने जातो. उंचीवर काम असेल तर पट्टा हवाच, आणि नायलॉनचा पट्टा ठिणग्यांनी जळतो हे लक्षात ठेवून त्याचा दोर कामापासून बाजूला घ्यायला हवा. रॉड बदलायचा तो कोरड्या हातमोज्यानेच. केबल अंगाभोवती गुंडाळून शिडी चढायची नाही. फाटलेल्या केबलवर प्लास्टिकची पिशवी बांधणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. वेल्डर ज्याला अर्थिंग म्हणतात तो चिमटा जोडाच्या शक्य तितका जवळ लावायचा. दूर कुठेतरी खांबाला लावून दिला तर करंट आपली वाट शोधत फिरतो, साखळीतून, तारेच्या दोरातून, ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधून.

नळाच्या लाइनवर आणखी एक भानगड होते, ती अनुभवी माणसांनाही माहीत नसते. घाईच्या कामावर एकाच पाइपवर दोन सेट लावून दोन वेल्डर बसवतात. एका सेटची प्लस-मायनस जोडणी एक आणि दुसऱ्याची उलटी असेल, तर दोन होल्डरमधला दाब दुप्पट होतो. दोघे हाताच्या अंतरावर असतील आणि एकाने दुसऱ्याचा होल्डर सहज उचलून दिला, तर तो दीडशेच्या आसपास व्होल्ट हातात घेतो. दोन्ही सेटची जोडणी सारखी आहे ना, एवढे सकाळी बघून घेतले की प्रश्न संपतो.

आता ते बेवारशी सॉकेट. वीज गेली, मांडव तर घातला आहे, सेट जवळच उभा आहे. कोणीतरी डोके लढवतो आणि सेटच्या सॉकेटमधून वायर काढून थेट घराच्या बोर्डात घालतो. दिवे लागतात, पंखे फिरतात, लोक शाबासकी देतात. मेन स्विच बंद केला नसेल तर तीच वीज सर्व्हिस वायरीतून उलटी डीपीकडे जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर येताना हजारो व्होल्टचे 230 करतो. उलटे गेल्यावर 230 चे पुन्हा हजारो करतो. लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन तिकडे कुठेतरी तारेला हात घालत असतो. त्याला ना तुमचा मांडव दिसतो, ना सेट. या एका गोष्टीसाठी मी ग्रामपंचायतीला कडक शब्दांत ठराव करायला सांगेन: चेंजओव्हर स्विच नसेल तर कुठलाही जनरेटर, मग तो वेल्डिंगचा असो की लग्नाचा, इमारतीच्या वायरिंगला जोडायचा नाही. आणि ग्राइंडर ज्या सॉकेटवर चालतो त्यावर 30 मिलिअँपिअरला तुटणारा गळतीचा ब्रेकर हवा. तो नसलेला सेट कामावर घेऊ नये.

आगीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण बाकी धोके कामगाराचे आहेत आणि हा सगळ्या गावाचा.

आत्ता भाद्रपदात सगळे हिरवे आहे, त्यामुळे वाचताना अतिशयोक्ती वाटेल. दिवाळीनंतर माळावरचे गवत पिवळे पडते, भात झोडून पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात, आणि पुढे पाऊस येईपर्यंत हा सगळा पट्टा ठिणगीची वाट बघत असतो. ग्रामपंचायतीची कामेही नेमकी याच महिन्यांत निघतात. मार्चअखेर पैसे खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षातले सर्वांत कोरडे दिवस आणि सर्वांत जास्त वेल्डिंगचे दिवस एकच. पाड्यावर अजून कारवीच्या कुडाची घरे आहेत, गुरांच्या वाड्यावर पेंढा आहे, आणि गावाची शीव संपली की तानसा अभयारण्याचे जंगल फार दूर नाही. वणवा लागला की आपण राब भाजणाऱ्या शेतकऱ्याकडे किंवा मोहाच्या झाडाखाली जाळणाऱ्याकडे बोट दाखवतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांचा झोत किती लांब जातो ते संध्याकाळच्या अंधारात एकदा बघा.

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत ठिणगीच्या कामाभोवती 35 फुटांपर्यंत जळण्यासारखे काही नसावे असा दंडक आहे. काम संपल्यावर पहारा अर्धा तास द्यावा असे आधी होते, 2019 च्या आवृत्तीत तो एक तास केला. भारतीय मानक ब्युरोचीही या विषयावर स्वतंत्र संहिता आहे, आयएस 3016, म्हणजे परदेशातलीच उदाहरणे द्यायला नकोत. तासाभराच्या पहाऱ्याचे कारण साधे आहे. पेंढ्यात शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही. ती आत धुमसते. माणसे हत्यारे गोळा करून, चहा पिऊन, टेम्पोत बसून निघून जातात, आणि मग वाडा पेटतो. मग लोक म्हणतात, कोणीतरी बिडी टाकली असेल.

पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 21 जानेवारी 2021 रोजी आग लागून पाच कामगार गेले, तेव्हा वेल्डिंगच्या ठिणगीचा प्राथमिक अंदाज व्यक्त झाला होता. राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी वेल्डिंगच्या ठिणग्या खाली साठवलेल्या सामानावर पडताना कॅमेऱ्याने टिपल्या. तिथे 27 जण गेले, त्यांत लहान मुले होती. दोन्ही ठिकाणी अग्निशमन दल शहरात होते. आपल्याकडे बंब यायचा तर कुठून आणि किती वेळात, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता.

आपल्याला जमेल ते असे. काम सुरू होण्याआधी चारी बाजूंनी गवत खुरप्याने काढून जमीन उघडी करायची आणि पाणी मारायचे. जिथे पेंढा हलवता येत नाही तिथे ओली गोणपाटे टाकायची, किंवा जोड दुसरीकडे मारून तयार भाग आणायचा. दोनशे लिटरचे पिंप पाण्याने भरून, दोन बादल्या. इंजिनाजवळ तेलाच्या आगीसाठी पावडरचा सिलिंडर, कारण तेलावर पाणी ओतले तर आग पसरते. सेट स्वतः वाळल्या गवतावर उभा करायचा नाही, त्याचा सायलेन्सरही गवत पेटवायला पुरेसा असतो. रिकामे पिंप कधीही कापायचे किंवा झाळायचे नाही, मग त्यात डिझेल होते, डांबर होते की औषध, ते कितीही धुतलेले असो. रिकाम्या पिंपातली वाफच फुटते. आणि संध्याकाळी टेम्पो निघाल्यावर एक माणूस तासभर तिथेच. त्याला त्या तासाची मजुरी.

डोळ्यांबद्दल गावाला थोडेफार ठाऊक आहे, पण उपचार सगळे उलटे. आर्क बघितल्यावर लगेच काही होत नाही. सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. मग बटाट्याचे काप ठेवतात, गुलाबपाणी घालतात, कोणी बाळंतिणीचे दूधही घालते. थंडाव्याने बरे वाटते एवढेच. थंड पाण्याची स्वच्छ पट्टी तेच काम करते आणि जंतू घालत नाही. डोळे चोळायचे नाहीत, डॉक्टरला दाखवायचे, आणि दुकानातून सुन्न करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालायचे नाहीत. नेहमीच्या रॉडच्या कामाला 10 किंवा 11 नंबरची काळी काच लागते, बाजारातला काळा गॉगल नव्हे. हातकाचेतली ती काच दोन-तीन वडापावांच्या पैशांत येते. तरी हेल्पर एका हाताने पट्टी धरून दुसरीकडे मान वळवून उभा असतो, कारण काच एकच आणि ती वेल्डरची. शाळेच्या फाटकाचे काम असेल तर समोर पोरांची रांग. एक जुनी ताडपत्री आडवी लावली की काम होते.

आणि नळाच्या जीआय पाइपचा पांढरा धूर. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळून आत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडते, दुसऱ्या दिवशी माणूस ठीक. आपल्याकडे अशा तापाला लगेच मलेरिया म्हणतात. रक्त तपासावेच, पण डॉक्टरला ‘आज मी पाइप झाळत होतो’ हेही सांगावे. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने हा धूर उतरत नाही. गूळ खायला माझी हरकत नाही, पण तो फुप्फुसात जात नसतो. जोडाच्या जागचा मुलामा आधी ग्राइंडरने काढायचा, तोंडावर मास्क बांधायचा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे, तेव्हा हे नुसते एका रात्रीच्या तापावर संपत नाही.

एवढे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, हे ठेकेदाराला सांगा, आम्हाला कशाला? ठेकेदाराला सांगून झाले आहे. तो वाईट माणूस नाही. तो म्हणतो, दरात बसत नाही. त्याचे म्हणणे मला पटते. वजनाच्या दरात पहाऱ्याचा तास, पावडरचा सिलिंडर आणि हेल्परची काच बसत नाही, कारण ती कोणी वेगळी मागितलेलीच नाही. जो ही काळजी घेईल त्याची निविदा महाग पडेल आणि काम जो घेणार नाही त्याला मिळेल. यावर उतारा ठेकेदाराकडे नाही, तुमच्याकडे आहे. शाखा अभियंत्यांशी बोलून अंदाजपत्रकात ठिणगीच्या कामाच्या सुरक्षेसाठी वेगळी बाब धरून घ्या, म्हणजे सगळ्यांना ती सारखीच धरावी लागेल. आणि कार्यारंभ आदेशात चार ओळी घाला: या कामावर इंजिनवरचा वेल्डिंग सेट येणार असेल तर तो चालवणाऱ्या एका माणसाचे नाव आधी कळवावे, इंजिन, करंट आणि सॉकेट तिन्हींची जबाबदारी त्या एकाचीच राहील, सेट विहिरीत, टाकीत किंवा बंद जागेत नेऊ नये, काम संपल्यावर तासभर पहारा द्यावा. माझा सगळा भर त्या नावावर आहे. जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही. कागदावर नाव असलेला माणूस झाडाखाली जाऊन बसत नाही.

ज्याचे नाव येईल त्याच्यासाठीही ग्रामपंचायतीने काही करायला हवे. राज्यात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. सरकारी बांधकामांच्या बिलातून एक टक्का उपकर त्याच्यासाठी कापला जातो. लोखंडी ग्रिल, दारे, खिडक्या करणारे आणि बसवणारे त्या मंडळाच्या यादीत बसतात. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला, एवढे असले की नोंदणी होते, आणि तो दाखला ग्रामसेवक देऊ शकतात (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे). आपल्याकडची फॅब्रिकेशनवाली पोरे, त्यांच्याबरोबर हेल्पर म्हणून जाणारी ठाकूरवाडी-कातकरीवाडीतली पोरे, यातल्या कितीजणांची नोंद आहे ते एकदा दफ्तरात बघावे ही विनंती. हेल्परची नोंद तर बहुधा राहूनच जाते. तो उन्हाळ्यात वेल्डिंगवर, पावसाळ्यात लावणीवर आणि मध्ये वीटभट्टीवर असतो.

वेल्डर हसतील, याचीही कल्पना मला आहे. मे महिन्यात चामड्याचा कोट घालून पत्र्यावर बसून बघा, असे ते म्हणतील आणि बरोबर म्हणतील. म्हणून उन्हाळ्यात वेल्डिंग सकाळी 11 च्या आत आणि 4 नंतर असे आदेशातच लिहावे. यातून काम एक दिवस लांबले तर लांबू द्या. सुती जाड पूर्ण बाह्यांचा सदरा, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट यांवर मात्र सूट नको. नायलॉनचा सदरा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही.

शेवटची गोष्ट माझ्याकडून. सेटवरच्या सूचनांची पाटी बहुधा इंग्रजीत असते, भाड्याच्या सेटवर तीही खरवडलेली, आणि पुस्तिका तर मालकाने कधी पाहिलेली नसते. या पत्रातला मजकूर एका पानात बसेल अशा मोठ्या अक्षरांत मी लिहून देतो. ग्रामपंचायतीने तो छापून लॅमिनेट करावा आणि सेट गावात आला की ट्रॉलीला टांगावा. भातकापणी आटोपली की, गवत पुरते वाळायच्या आत, कार्यालयासमोरच्या मोकळ्या जागेत एक सकाळ मला द्यावी. भाड्याने सेट देणारे, दुकानवाले, त्यांचे हेल्पर, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी आणि जमले तर वायरमन, सगळ्यांना बोलवावे. सेट चालू करण्यापासून पहाऱ्यापर्यंत सगळे हाताने करून दाखवतो, डिझेलचा खर्च माझा. वार मात्र शाळेचा धरावा. रविवारी ठेवले तर निम्मी पोरे उघड्या डोळ्यांनी आर्क बघायला जमतील आणि रात्री घरोघरी बटाटे कापावे लागतील.

आपला,
वेल्डर ट्रेडचा एक निवृत्त शिल्प निदेशक,
खर्डी